राखून ठेवलेली लाईट

दोन हजार चोवीस साल होतं आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. मे महिना चालू होता. त्या महिन्यात माझी बायको गेली. काय झालं होतं म्हणून लोक अजून विचारतात. काही झालं नव्हतं. पहाटे उठली, न्हाणीतून परत आली, खाटेवर बसली आणि म्हणाली, "जरा छातीत भरल्यासारखं वाटतंय." मी अंधारात चपला शोधस्तोवर ती आडवी झाली होती. डॉक्टर आला, त्यानं हात बघितला, डोळे बघितले, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात ठेवणारा माणूस मला तेव्हापासून नको वाटतो.

पण मी लिहायला बसलोय ते तिच्या जाण्याबद्दल नाही. जाणं कुणाच्या हातात नसतं. ती गेल्यावर दिवस बुडेपर्यंत जे झालं ते माणसांच्या हातातलं होतं, म्हणून ते डोक्यातून जात नाही.

आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. बाप खुलताबादच्या डोंगरात मेंढरं राखायचा. मी चौथीत शाळा सोडली, पुढं मेंढरंही सोडली, आणि औरंगाबादेत येऊन गवंडीकाम धरलं. शहराचं नाव आता बदललंय, पण माझ्या जिभेला अजून वळण पडलेलं नाही. छावणीच्या पलीकडं आमचं घर आहे. विटा मी लावल्या, माल तिनं डोक्यावरून वाहिला. दुसऱ्यांची किती घरं उभी केली त्याचा हिशोब नाही, पण आमच्या घराचा स्लॅब कुठल्या पावसाळ्यात गळाला नाही, हे मी कुणालाही छातीवर हात मारून सांगतो.

त्या स्लॅबवर सोलरच्या प्लेटा बसवल्या त्या लेकीनं. एकच लेक. जावई फौजेत, आणि त्यांची बदली तेव्हा पार पूर्वेकडच्या डोंगरात होती. तिथून ती फोनवर म्हणायची, "आबा, उन्हाळ्यात तिकडं लाईट जाते आणि तुम्ही दोघं रात्रभर वारा घालीत बसता. मला इथं झोप लागत नाही."

मी म्हणालो, "माझ्या बापाचा जन्म उन्हात गेला. त्याला कुठं पंखा होता?"

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. "तुझ्या आज्याला नव्हता, बाई. मला पायजे. बसव तू."

मग प्लेटा आल्या, भिंतीवर इन्व्हर्टर आला, आणि त्याच्या खाली बॅटरी. पांढरी, लहान कपाटाएवढी, तिच्या अंगावर चार हिरवे दिवे. बसवायला आलेल्या माणसाला मी सोडलं नाही. घरात कुठली वायर कुठून जाते ते मला कळल्याशिवाय मी भिंतीला खिळा मारू देत नाही. त्यानं सांगितलं ते असं. बाहेरची लाईट गेली की इन्व्हर्टर पहिल्यांदा रस्त्याची वायर तोडतो. खांबावर वायरमन चढलेला असला आणि आपली लाईट उलटी तारेत गेली तर तो मरेल, म्हणून. मग आपलं घर एकटं पडतं. ऊन जेवढं देईल तेवढ्यावर चालायचं, कमी पडेल ते बॅटरीतून घ्यायचं. ऊन जास्त असलं तर उरलेलं बॅटरीत भरायचं. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं.

"पण सगळं घर चालणार नाही बाबा," तो म्हणाला. "जे बोर्ड तुम्ही सांगाल तेवढेच. त्यांना मी लाल पट्टी लावतो."

मी सांगितलं, पुढच्या खोलीचा बोर्ड आणि झोपायच्या खोलीतला पंखा. एवढं बस झालं.

"आन् माझा सैपाकघरातला?" बायको म्हणाली.

"तिथं काय लागतंय तुला?"

"मिक्सर. लाईटीची वाट बघत चटणी वाटायची का मी?"

सैपाकघराच्या बोर्डालाही लाल पट्टी लागली.

त्यानंतर लाईट जायची तेव्हा आमच्या भिंतीवर नुसतं टक वाजायचं. दिवा एकदा मिचकायचा, पंख्याच्या गतीत फरकही पडायचा नाही. सगळी गल्ली काळी आणि आमची खिडकी तेवढी उजेडाची. मी मुद्दाम ओट्यावर येऊन बसायचो. येणारे-जाणारे म्हणायचे, काय बाबा, तुमची लई मजा हाय. बायको आतून म्हणायची, "आता मिशी पिळा बसून." ती तशीच बोलायची.

तर त्या दिवशी. सकाळीच लेकीला कळवलं. ती फोनवर रडली नाही, लगेच म्हणाली, "मी निघते. गाडी, मग विमान, उद्या सकाळी पोचते. आबा, आईला थांबवा. मी तिचं तोंड बघितल्याशिवाय नेऊ नका. सांगा मला, थांबवाल ना?"

मी म्हणालो, "थांबवतो. तू नीट ये."

मे महिन्यात आमच्याकडं माती झालेलं माणूस दुपारपर्यंत ठेवत नाहीत. पण हल्ली मंडळांकडं काचेच्या झाकणाची फ्रीजरची पेटी असते. माझा पुतण्या जाऊन ती टेम्पोत घालून घेऊन आला. पुढच्या खोलीत मांडली, पिन लाल पट्टीच्या बोर्डात घातली, बायकोला आत ठेवलं. पेटी घुंघुं करायला लागली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. झोपल्यासारखी दिसत होती असं सगळे म्हणाले. मला तशी वाटली नाही. ती झोपेत कधी इतकी सरळ नसायची.

दुपारपर्यंत माणसं जमली. माझी थोरली बहीण सिल्लोडहून आली. तिला आम्ही आक्का म्हणतो. भावकीत काय करायचं, काय नाही, हे आक्का ठरवते आणि बाकीचे ऐकतात. मीसुद्धा. ती आली, पेटीवर दोन्ही हात ठेवून रडली, मग डोळे पुसून पहिलं बोलली ते हे: "काचेत कशाला ठेवलंय रे तिला? माशासारखं."

"लेक यायचीय, आक्का. उद्या."

"उद्या?" ती म्हणाली. "तिला तोंड दिसलं पायजे, ते बी खरंय."

ऊन कलायच्या आधी वारं सुटलं. वळवाचं वारं काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. आभाळ मातीच्या रंगाचं झालं, खुलताबाद रोडची झाडं वाकली, शेजारणीच्या घरावरचे पत्रे उडून आमच्या गल्लीत पडले. कुठंतरी मोठा आवाज झाला, खांब पडला म्हणे. लाईट गेली.

टक.

खोलीतली सगळी माणसं पेटीकडं बघायला लागली आणि मग माझ्याकडं. पेटी घुंघुं करतच होती. मी म्हणालो, "चालती. ती आपल्या सोलरवर हाय." त्या दिवशीसुद्धा माझ्या आवाजात ती ऐट आली. आली ती आली.

पुतण्या जवळ येऊन बसला. "काका, मी जरा छावणीतून बर्फाच्या लाद्या बघू का? नायतर जनरेटर? खांब पडलाय, लाईट लवकर काय येत नाय."

"कशाला?"

"असू द्यावं हाताशी."

"बॅटरीचे चारी दिवे लागलेत, बघ जाऊन. रात्रभर एकटी पेटी चालवली तरी पुरतंय. त्या सोलरवाल्यानंच सांगितलंय मला."

"मग दवाखान्याच्या शवागारात एक रात्र..."

"तिथं न्यायची ती कुणाची कुणी नाय म्हणून? घर हाय तिला. मी बांधलेलं."

पुतण्या उठून गेला. आणि मी सांगितलं ते खोटं नव्हतं. एकटी पेटी चालली असती तर रात्र निघाली असती. मी आजही तेच म्हणतो.

मी बाहेर पुरुषांत ताडपत्रीखाली बसलो. पाऊस थोडाच पडला, पण आभाळ उघडलं नाही. डोंगराकडची माणसं भिजून आली, लेकरंबाळं घेऊन. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. जे झालं ते मला नंतर कळलं, पण झालं त्या क्रमानंच लिहितो.

ज्या घरात माती असते तिथं ती उचलेपर्यंत विस्तव पेटवत नाहीत. चूल नाही, गॅस नाही. शेजारपाजारचे चहा-भाकरी देतात. सकाळी शेजारणीनं दिला होता चहा. पण आता ती तिचे पत्रे आणि भिजलेलं धान्य निस्तरत होती. भिजलेली माणसं, रडून घसा कोरडा पडलेल्या बायका. पुतण्याच्या बायकोनं सैपाकघरात लाईटची शेगडी बघितली. लेकीनंच कधीतरी पाठवलेली, बायको ती कपाटातून काढायचीसुद्धा नाही. सुनेनं काढली.

आक्का म्हणाली, "काय करतीस गं? घरात माती हाय."

"आत्याबाई, हिला जाळ कुठं हाय? हात लावून बघा. नुसतं भांडंच तापतं."

"तापतं ना पण?"

"तापतं. पण विस्तव नाय. उन्हात ठेवलेलं भांडं तापतं तसंच."

आक्कानं म्हणे शेगडीवर हात फिरवून बघितला. वाकून खालून बघितलं. मग म्हणाली, "विस्तव नाय हे खरं. मांड मग. लेकरांना तरी दे." पुतण्याची बायको हसली, तशी आक्का तिला म्हणाली, "हसू नको, दात घशात घालीन." पण तिचं समाधान झालं होतं. तिला वाटलं, नियमही मोडला नाही आणि माणसंही उपाशी राहिली नाहीत. पातेल्यावर पातेलं चढलं. चहा झाला, लेकरांना दूध तापवलं, मग कुणीतरी म्हणालं खिचडी टाकू. बायकांना गदमदायला लागलं म्हणून घरातला कूलर लावला, आणि शेजारच्यांचाही उचलून आणून लावला, कारण सगळ्या गल्लीत लाईट होती ती आमच्याच घरात. ज्याला जिथं लाल पट्टी दिसली तिथं त्यानं मोबाईल लावला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. वाईट मनाचं कुणी असतं तर मला सोपं गेलं असतं.

माझ्या हातातही त्यातलाच कप आला. मला वाटलं शेजारून आला. मी प्यालो.

पातेल्याला उकळी फुटेपर्यंत ती शेगडी जेवढी लाईट खाते, तेवढ्यात पेटी कितीतरी वेळ चालते, हे त्या बायकांना कुणी सांगितलं होतं? आणि आभाळ भरलेलं, म्हणजे प्लेटांवरून येत होतं ते नावाला. सगळं ओझं बॅटरीवर.

दिवस कलला तसा मी बायकोला बघायला आत गेलो. जाता जाता सवयीनं भिंतीकडं नजर गेली. एकच दिवा लागलेला होता. तोसुद्धा उघडझाप करत होता.

मी बोर्डावरच्या पिना उपसायला लागलो. कुणाचा मोबाईल, कुणाचं काय, बघितलं नाही. सैपाकघरात गेलो तर शेगडीवर खिचडी. ती पिन उपसली तेव्हा पुतण्याची बायको म्हणाली, "मामंजी, कच्ची हाय अजून." मी तिच्याकडं नुसतं बघितलं. फक्त पेटी चालू राहिली.

सोलरवाल्याला फोन लावला, एकच दिवा उघडझाप करतोय म्हणून सांगितलं.

"बाबा, सगळं बंद केलंय का? मग थोडा वेळ चालेल. पण दिवस मावळायच्या सुमाराला बॅटरी बंद पडेल."

"बंद म्हणजे संपली?"

"संपत नाही. थोडी लाईट ती स्वतःपुरती राखून ठेवते. त्याच्या खाली गेली तर बॅटरीच मरते. म्हणून ती आधीच बंद होते."

"म्हणजे तिच्यात हाय, पण द्यायची नाय?"

"तसंच म्हणा."

"मग मरू दे तिला. मला दे. एक रात्रीचं दे."

"बाबा, ते माझ्या हातात नाही. कंपनीनं आतून केलेलं असतं."

"आरं, माझ्या घरात हाय ना ती? माझ्या भिंतीवर?"

तो म्हणाला, "सकाळी ऊन पडलं की आपोआप चालू होईल बाबा. तुम्हाला हात लावायला लागणार नाही." मी फोन ठेवला. घरात काय झालंय ते मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं असेल, म्हातारा टीव्हीसाठी भांडतोय.

पुतण्या मोटारसायकल घेऊन आधीच गेला होता, मी न सांगता. तो परत आला तेव्हा चिखलानं भरलेला होता. लग्नसराई, सगळे जनरेटर कार्यालयांत गेलेले. बर्फ गिऱ्हाइकांनी दुपारीच उचललेला. जवळ एक पोतं होतं, त्यात फोडलेला बर्फ, निम्मा वितळलेला. पोत्याचं पाणी ओट्यावरून खाली गळत होतं. ते बघून मी त्याला काही बोललो नाही, आणि तोही मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आक्का माझ्या शेजारी येऊन बसली. शेगडीनं बॅटरी खाल्ली हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, "मीच हो म्हणाले रे. मला वाटलं, जाळ नाय."

"जाळ नव्हताच, आक्का."

"मग असं कसं झालं?"

जळतं ते दिसायलाच पाहिजे असं नाही, हे सत्तरीपार म्हातारीला त्या वेळी काय सांगायचं.

ती उठली, पेटीचं झाकण जरा उचलून आत वाकली, हनुवटीला हात लावला, परत झाकलं. "गार हाय अजून," ती म्हणाली. "पण रात्र लई मोठी हाय. मे हाय. आन् दिवस बुडाल्यावर आपल्यात उचलत नाय, तुला ठावं हाय. आत्ता न्यायचं, नायतर सकाळपर्यंत तिची दशा बघायची. लेकीला ते तोंड दाखवायचं का तुला?"

मी लेकीला फोन लावला. बंद होता. ती विमानात असेल नाहीतर कुठल्या घाटात. परत लावला. परत. बाहेर माणसं उभी राहिली होती, कुणीच माझ्याकडं सरळ बघत नव्हतं. आक्का सोडली तर आयुष्यात मी कुणाचं ऐकलं नाही, सगळे निर्णय मी घेतले, आणि मला त्याचा तोरा होता. त्या वेळी मात्र वाटलं, कुणीतरी दुसऱ्यानं बोलावं. माझ्या तोंडून ते निघायला नको.

टक वाजलं. पेटीची घुंघुं थांबली. तिच्या आतला बारका दिवा विझला. इतकी शांतता झाली की ओट्यावरचं बर्फाचं पाणी ठिबकताना ऐकू यायला लागलं.

"उचला," मी म्हणालो.

अग्नी मीच दिला. त्याबद्दल मी लिहिणार नाही. परत आल्यावर पुतण्याला एवढंच म्हणालो, "लेकीला कुणी फोनवर सांगायचं नाय. मी सांगीन. माझ्या तोंडानं."

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निघालं. मी ओट्यावर भिंतीला टेकून होतो. लाईट आलेली नव्हती, आणि घरातल्या कुणाला काही आवरायचं भान नव्हतं. लेकीचा फोन आला. पुतण्यानं तो माझ्या कानाला लावला.

"आबा, मी उतरले. रिक्षात बसतेय. आई आहे ना?"

मी तोंड उघडलं. जे बोलायचं ते घशापर्यंत आलं होतं, देवाशपथ आलं होतं. आणि मी म्हणालो, "ये."

ऊन स्लॅबवर चढलं. आतून टक वाजल्याचं मी ऐकलं असेल, पण माझं ध्यान रस्त्याकडं होतं. रिक्षा आली. तिनं पिशवी रिक्षातच टाकली, माझ्या अंगावरून आत गेली. मी उठेपर्यंत ती पुढच्या खोलीत पोचली होती.

पेटी चालू होती. कालची पिन तशीच बोर्डात होती आणि ऊन पडल्याबरोबर ती आपोआप सुरू झालेली. आतला बारका दिवा लागलेला, घुंघुं चाललेलं, आणि रात्रीच्या ओलीमुळं काचेवर बाहेरून सगळीकडं दाट धुकं धरलेलं. आत काय आहे ते दिसत नव्हतं. लेक गुडघ्यांवर बसली आणि तळहातानं काच पुसायला लागली, जिथं तोंड असायला पाहिजे तिथं. पुसलेली जागा परत धुरकट व्हायची, ती परत पुसायची. "आई," ती हळू म्हणाली. "आले गं मी."

दारात आक्का उभी होती, पुतण्या उभा होता. कुणाचं धाडस झालं नाही.

मी खांद्यावरचं उपरणं काढलं, लेकीच्या शेजारी खाली बसलो आणि काच पुसायला लागलो. डोक्याकडून सुरुवात केली आणि पायापर्यंत सबंध पुसून काढली, तिला दिसेपर्यंत.